भविष्याच्या पटावरील नावे

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने विज्ञानकथांविषयी लिहावे, हे काही वाचकांस विसंगत वाटण्याचा संभव आहे. इतिहास घडून गेलेल्या गोष्टी सांगतो आणि विज्ञानकथा न घडलेल्या. एकास पुरावा लागतो, दुसरीस कल्पना पुरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पंचवीसहून अधिक वर्षे नववी-दहावीच्या वर्गांना इतिहास शिकविल्यानंतर आणि गेली काही वर्षे आपल्या वसतिगृहाच्या वाचनतासाला विज्ञानकथा सांगितल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की, या दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. पटावर नावे कोणाची आहेत, हा तो प्रश्न होय. इतिहासाच्या पटावर राजांची आणि सरदारांची नावे आहेत. किल्ल्याचा दगड डोक्यावरून वाहून नेणाऱ्यांची नाहीत. भविष्याचा पट मात्र अजून कोरा आहे, असे आपण समजतो. वस्तुतः तो कोरा नाही. कथाकार, कादंबरीकार आणि चित्रपटकार त्यावर रोज नावे लिहीत असतात, आणि काही नावे लिहावयाची राहूनही जात असतात.

स्मरणिकेच्या निमित्ताने १९७० ते १९७९ या दशकातील गाजलेल्या आणि पुरस्कारप्राप्त विज्ञानकथांकडे याच दृष्टीने पाहण्याचा आमचा मानस आहे. हे दशक निवडण्यास कारण आहे. मनुष्य १९६९ साली चंद्रावर उतरला होता आणि अवकाशाविषयीचे कुतूहल शिगेला पोहोचले होते. त्याच वेळी व्हिएतनामचे युद्ध, स्त्रियांची चळवळ आणि कृष्णवर्णीयांचा लढा यांनी अमेरिकेतील लेखकांची झोप उडविली होती. त्यामुळे या दशकातील विज्ञानकथा वर आकाशाकडे पाहतात, पण त्यांचे पाय जमिनीवरील प्रश्नांत रुतलेले असतात.

विज्ञानकथांच्या जगात दोन पुरस्कार विशेष मानाचे आहेत. पहिला ह्यूगो. ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकाचे संस्थापक ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या सन्मानार्थ १९५३ पासून तो दिला जातो आणि जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचकच, त्यासाठी मतदान करतात. दुसरा नेब्युला. तो १९६६ पासून अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांची संघटना देते. एक वाचकांचा कौल, दुसरा समव्यावसायिकांचा. दोन्ही एकाच कृतीस मिळाले म्हणजे ती त्या काळाची प्रातिनिधिक कृती समजण्यास हरकत नसते.

आर्थर सी. क्लार्क यांची ‘राँदेव्हू विथ रामा’ ही १९७३ सालची कादंबरी अशी दुहेरी मानाची ठरली. क्लार्क जन्माने इंग्रज, परंतु १९५६ पासून त्यांनी श्रीलंकेत वास्तव्य केले होते. या कादंबरीत बाविसाव्या शतकात सूर्यमालेत एक अजस्र यान शिरते. त्याची लांबी ५० किलोमीटर असते. त्यास ‘राम’ हे नाव का मिळते, याचे कारण मोठे मौजेचे आहे. अवकाशातील गोलांना देऊन देऊन ग्रीक आणि रोमन देवतांची नावे संपलेली असतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांच्या यादीकडे वळलेले असतात. हे यान माणसांची यत्किंचितही दखल न घेता सूर्याजवळून पुढे निघून जाते. माणूस हा विश्वाचा केंद्रबिंदू नव्हे, ही विनम्र करणारी जाणीव क्लार्क देतात, हे या कादंबरीचे थोरपण आहे. पण आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने ही कथा ऐकून विचारले, “सर, देवांची नावे संपली की मग माणसांची घेतील का?” प्रश्न सहज विचारला गेला होता, आमच्या मनात मात्र तो घर करून राहिला.

लोकप्रियतेच्या बाबतीत या दशकातील कोणतीही कृती जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ची बरोबरी करू शकणार नाही. १९७७ साली आलेल्या या चित्रपटास विशेष पुरस्कार धरून ७ ऑस्कर मिळाले, आणि पुढील वर्षी ह्यूगोही मिळाला. वसतिगृहाच्या भोजनगृहात पांढरी चादर ताणून एका शनिवारी आम्ही तो मुलांना दाखविला. मुलांनी टाळ्या, शिट्ट्या सर्व काही केले. मध्येच एक प्रसंग येतो. नायक आपल्या दोन यंत्रमानवांसह एका मद्यगृहात शिरतो. आत नाना ग्रहांवरील चित्रविचित्र प्राणी बसलेले असतात. परंतु मद्य देणारा माणूस त्या दोघा यंत्रमानवांकडे बोट दाखवून त्यांच्या जातकुळीस येथे प्रवेश नाही असे बजावतो, आणि त्यांना मुकाट्याने बाहेर उभे राहावे लागते. प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. नायकास त्याचे काही वाटत नाही, कथाही तेथे थांबत नाही. पण आमची मुले थांबली. भोजनगृहात एकाएकी शांतता पसरली. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी गावच्या हॉटेलाबाहेर उभे राहून, वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा घेतलेला होता आणि त्या आठवणी मुलांनी घरी ऐकल्या होत्या.

चित्रपटाच्या शेवटी भव्य समारंभ होतो. राजकन्या दोन वीरांच्या गळ्यात पदके घालते. त्यांच्याबरोबर जिवावर उदार होऊन लढलेला तिसरा सहकारी, म्हणजे तो उंच, केसाळ, माणसाची भाषा न बोलणारा च्युबाका, त्याच मंचावर उभा असतो. त्याच्या गळ्यात मात्र पदक पडत नाही. ही गोष्ट आमच्या नव्हे, आठवीतील एका मुलाच्या ध्यानात आली. लुकास यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. अन्यायी साम्राज्याविरुद्ध उठाव, हाच त्या कथेचा गाभा आहे. परंतु उठाव करणाऱ्यांच्या समारंभातही पदके कोणास मिळतात आणि कोण नुसता उभा राहतो, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांस लागली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. परग्रहावरील जीवांशी माणसाची भेट होते, आणि ती युद्धाने नव्हे तर पाच सुरांच्या संगीताने होते, ही त्यातील कल्पना उदात्त आहे. त्यातील छायाचित्रणास ऑस्कर मिळाले. चित्रपटात भारतातील एक प्रसंग आहे. हजारोंचा समुदाय बसून तेच पाच सूर आळवीत असतो. हे सूर कोठून आले, असे विचारताच सर्वांचे हात एकदम आकाशाकडे उंचावतात. चित्रपटात ते स्थळ उत्तर भारतातील म्हणून दाखविले आहे; परंतु चित्रीकरण झाले ते आपल्या खालापूरजवळील हाळ या गावी. मुंबई-पुणे रस्त्याने जाताना आम्ही विद्यार्थ्यांना त्या दिशेने बोट करून ते सांगतो. त्या समुदायातील माणसे कोण होती? शेतमजूर असतील, कातकरी असतील, गावातील बाया-बापड्या असतील. आकाशातून आलेला संदेश त्यांनी ऐकला आहे, पण त्याचा अर्थ लावण्याचे काम परदेशी शास्त्रज्ञांकडे आहे. गावालासुद्धा पडद्यावर स्वतःचे नाव मिळालेले नाही. “यात आपण कुठे आहोत?” असे जेव्हा मुले विचारतात, तेव्हा या प्रसंगाकडे बोट दाखवून “येथे, गर्दीत” असे सांगावे लागते. हे उत्तर खरे आहे. परंतु ते शेवटचे उत्तर नव्हे.

नाव नसणे ही एक गोष्ट. नाव असूनही ते लपवावे लागणे ही दुसरी. याच दशकात दोन लेखकांनी आपली नावे लपविली. एक अमेरिकेत, एक येथे. जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या कथांनी त्या वेळी अमेरिकी वाचकांस भारून टाकले होते. ‘द विमेन मेन डोंट सी’, म्हणजे पुरुषांना न दिसणाऱ्या स्त्रिया, ही त्यांची कथा १९७३ सालची. १९७४ साली त्यांच्या दुसऱ्या एका कथेस ह्यूगो मिळाला. लेखक कोणास भेटत नसे, केवळ पत्रव्यवहार करी. ही स्त्री असावी, अशी शंका काहींनी घेतली, तेव्हा रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने १९७५ साली लिहिले की, या लेखनात काहीतरी निःसंशय पुरुषी आहे. दोनच वर्षांत उलगडा झाला. टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेली साठीतील स्त्री. ‘टिपट्री’ हे आडनाव तिने मुरंब्याच्या बरणीवरून उचलले होते.

इकडे मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. प्रथम पारितोषिक ‘कृष्णविवर’ या कथेस मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट करून हे टोपणनाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली. मराठी विज्ञानकथेस त्यानंतर जो बहर आला, त्यात या घटनेचा वाटा मोठा आहे. पुढे २०२१ साली नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही नारळीकरांकडे आले.

या दोन घटना आम्ही वर्गात शेजारी शेजारी मांडतो. नावाचा अनाठायी लाभ होऊ नये म्हणून एकाने नाव झाकले. नावामुळे अनाठायी हानी होऊ नये म्हणून दुसरीने. दोघांच्या कृतीतून एकच गोष्ट सिद्ध होते, ती ही की, लिखाण वाचण्यापूर्वी लोक नाव वाचतात. हे आमच्या विद्यार्थ्यांस समजावून सांगावे लागत नाही. आम्ही स्वतः पदव्युत्तर पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असताना एका संस्थेत मुलाखतीस गेलो होतो. प्रमुखांनी प्रथम नाव विचारले, मग ‘पूर्ण नाव’ विचारले, मग गाव, आणि नंतर गावातील कोणत्या बाजूस घर, हेही विचारले. मराठ्यांच्या महसूल व्यवस्थेवरील आमचा प्रबंध टेबलावर तसाच मिटलेला राहिला. ती संस्था कोणती, हे येथे सांगण्याचे कारण नाही. तो मिटलेला प्रबंध मात्र आठवतो, आणि म्हणूनच ‘कृष्णविवर’ची कथा आम्ही जरा अधिक जिव्हाळ्याने सांगतो.

नावाची किंमत काय असते, हे याच दशकाने मराठवाड्यास शिकविले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला, आणि त्यानंतर दलित वस्त्या पेटल्या, माणसे मारली गेली. ठराव झाल्यापासून नामविस्तार होईपर्यंत, म्हणजे १४ जानेवारी १९९४ पर्यंत, पंधराहून अधिक वर्षे लोटली. एका फलकावरील नावासाठी आमच्या लहानपणी वस्त्या जळाल्या. अशा मातीत वाढलेला वाचक विज्ञानकथा उघडतो, तेव्हा यानाचा वेग मोजण्याआधी यानात बसलेल्यांची नावे वाचतो. यात नवल ते काय?

नावांच्या या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार उर्सुला ले ग्विन यांनी केला, असे आमचे नम्र मत आहे. त्यांच्या ‘ओमेलास’विषयीच्या लघुकथेस १९७४ चा ह्यूगो मिळाला. ओमेलास नावाचे एक सुखी, सुंदर, उत्सवप्रिय नगर. परंतु त्याच्या एका तळघरात एक मूल कोंडलेले आहे. ते उपाशी आहे, घाणीत आहे, अंधारात आहे. नगराचे सारे सुख त्याच्या दुःखावर अवलंबून आहे, आणि हे नगरातील प्रत्येकास ठाऊक आहे. बहुतेक जण काही काळ हळहळतात आणि मग सुखात राहतात. काही थोडे मात्र एके दिवशी नगर सोडून निघून जातात. त्या मुलास लेखिकेने नाव दिलेले नाही. ते मुलगा की मुलगी, हेही सांगितलेले नाही. ही कथा सांगून झाली की वर्गात वाद होतो. नगर सोडणारे चांगले, असे काहींना वाटते. परंतु एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “ते गेले, पण त्या मुलाचे काय?” नगर सोडल्याने सोडणाऱ्याचा आत्मा स्वच्छ राहतो, तळघराचे दार मात्र बंदच राहते. कथेने न विचारलेला हा प्रश्न तळघर ओळखणाऱ्या मुलांनी विचारला, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ‘द डिस्पझेस्ड’ या कादंबरीस ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. अनारेस नावाच्या ओसाड उपग्रहावर समतेचा समाज उभा राहिलेला आहे. तेथे मालमत्ता नाही, शासन नाही. आणि तेथे आडनाव नाही. मूल जन्मले की संगणक त्यास एक नाव देतो. ते जिवंत माणसांत दुसऱ्या कोणाचेही नसते. नावावरून घर कळत नाही, बापाचा धंदा कळत नाही, गावातील बाजू कळत नाही. ही कल्पना प्रथम वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो होतो. परंतु ले ग्विन स्वप्नरंजन करून थांबत नाहीत. याच समाजात शेवेक हा प्रतिभावान शास्त्रज्ञ एक ग्रंथ लिहितो, तेव्हा त्याचा वरिष्ठ त्यावर स्वतःचेही नाव लावून घेतो. कायदा नाही, मालमत्ता नाही, तरी हाव शिल्लक आहे, आणि लोकांच्या मताचा धाक आहे. समतेसाठी स्थापन झालेली संस्थासुद्धा जागी राहिली नाही तर तिच्यातही भिंती उभ्या राहतात, हा या कादंबरीचा इशारा आहे. समतेच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने, आपल्या संस्थेनेही, तो वेळोवेळी स्वतःस ऐकवावा.

येथवर उल्लेख आले ते बहुतेक गौरविल्या गेलेल्या कृतींचे. या दशकातील एका थोर कृतीस मात्र त्या वेळी यांपैकी कोणताही पुरस्कार मिळाला नाही. तिच्याकडे जाण्याचा पूलही एका नावाचाच आहे. अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाचे नाव सागर ओलांडून आले आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिकडच्या त्याच वातावरणात ऑक्टेव्हिया बटलर नावाची तरुणी लिहू लागली होती. जन्म १९४७ चा, कॅलिफोर्नियातील. वडील बूट पॉलिश करीत. ते लवकर वारले. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होती आणि मागच्या दाराने आत जात असे. लहानगी ऑक्टेव्हिया तिच्याबरोबर जाई व ते पाहत असे. पुढे महाविद्यालयात एका कृष्णवर्णीय तरुणाने आधीच्या पिढीविषयी, तिच्या लाचारीविषयी तिरस्काराचे उद्गार काढले. त्या पिढीने काय सोसून आपणास जगविले, हे त्यास कळलेलेच नाही, असे ऑक्टेव्हियास वाटले. त्यातून १९७९ साली ‘किन्ड्रेड’ ही कादंबरी आली.

१९७६ साली कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय लेखिका एकाएकी काळातून मागे खेचली जाते आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या मेरीलँडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर जाऊन पडते. असे वारंवार घडते. मळेवाल्याचा मुलगा तिचाच पूर्वज आहे. तो मेला तर तिचा वंशच उरणार नाही, म्हणून ज्याच्या हाती चाबूक जाणार आहे त्यालाच तिला जगवावे लागते. शेवटी ती परतते, पण आपला डावा हात गमावून. यात यान नाही, यंत्र नाही. स्वतः बटलर हिला विज्ञानकथा म्हणत नसत. आमच्या मते मात्र काळप्रवासाची इतकी प्रामाणिक कथा दुसरी नाही. कारण भूतकाळातून कोणी अक्षत परत येत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. बटलर यांना ह्यूगो मिळाला तो १९८४ साली, आणि १९९५ साली त्या मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळविणाऱ्या पहिल्या विज्ञानकथाकार ठरल्या. त्यांनी नाव झाकले नाही. मागच्या दाराने जाणाऱ्या आईच्या मुलीने आपले पूर्ण नाव मुखपृष्ठावर छापले, आणि नायिकाही आपल्यातलीच घेतली.

दरवर्षी आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांकडून भविष्यकाळातील एका दिवसाची कथा लिहून घेतो. प्रारंभीच्या वर्षांत बहुतेक वह्यांतील नायकांची नावे दूरदर्शन मालिकांतून आलेली असत. त्यांची आडनावे आमच्या एकाही विद्यार्थ्याची नसत. बटलर यांची कथा सांगू लागल्यापासून हळूहळू फरक पडला. ऊसतोड कामगारांच्या कुटुंबातील एका मुलीने मंगळाकडे निघालेल्या यानाच्या प्रमुखपदी आपल्या आजीचे नाव लिहिले, आडनावासह. ते नाव तोवर कागदावर कोठे होते, असे विचारता ती म्हणाली, “मुकादमाच्या वहीत, उचलीच्या रकान्यात.”

या कथांचे परीक्षण करताना वहीवरील नाव आम्ही कागदाने झाकतो. नारळीकरांनी आणि शेल्डनबाईंनी ते शिकविले. निकाल लागला की निवडक कथा भित्तिपत्रकावर लागतात, तेव्हा प्रत्येक कथेखाली पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहितो. ते बटलरबाईंनी शिकविले. नाव झाकण्याची गरज ज्या दिवशी उरणार नाही, तो दिवस आम्हांस पाहावयास मिळेल की नाही, हे सांगता येत नाही. तोपर्यंत आमच्या माजी आणि आजी विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे आहे: लिहा, आणि लिहिल्यावर खाली आपले नाव पूर्ण लिहा.